दम कोणत्या शब्दाचा?

गेल्या हिवाळ्यात बेंगळुरू येथील आमच्या कार्यालयाच्या आंतरविभागीय सामन्यांत आम्ही कबड्डी खेळलो. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि दिवसाचे आठ तास फायलींवर टिपण्या लिहिण्यात घालवणाऱ्या माणसाने हा उद्योग करावा काय, असा प्रश्न घरच्या मंडळींनी आधीच विचारून ठेवला होता. तो प्रश्न योग्य होता हे आम्हांस दुसऱ्या दिवशी गुडघ्यांनी सांगितले. परंतु सामन्याच्या दिवशी आमच्या अंगात आजोळचे अंगण संचारले होते. मध्यरेषा ओलांडून आम्ही आत घुसलो, डाव्या कोपऱ्यातील गड्याला पायाने स्पर्श केला, आणि परत फिरणार तोच पंचांची शिट्टी वाजली. आमचा दम तुटला नव्हता, आम्हांस कोणी धरलेही नव्हते. तरी पंचांनी आम्हांस परत पाठवले, विरुद्ध पक्षास एक गुण दिला आणि चढाईही त्यांनाच दिली. कारण विचारता ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही काय म्हणत होता?"

आम्ही काय म्हणत होतो हे आमचे आम्हांसही तेव्हाच कळले. आम्ही 'हुतुतू, हुतुतू' म्हणत होतो.

कराडजवळच्या आजोळी सुटीत आम्ही जो खेळ शिकलो, त्याला आमचे आजोबा हुतुतू म्हणत आणि दमही त्याच शब्दाचा घेत. शाळेत तोच खेळ कबड्डी झाला होता. दोन्ही नावे आम्हांस ठाऊक होती, आणि मनुष्य धावपळीत सापडला की तोंडातून जुने नाव निघते. पंचांचा निर्णय नियमाला धरूनच होता. चढाई करणाऱ्याने मान्य शब्दाचाच दम घेतला पाहिजे, तो शब्द 'कबड्डी' हा होय, आणि तो स्पष्ट व ऐकू येईल असा उच्चारला पाहिजे, असे नियमावली सांगते. आम्ही सरकारी लिपिक. नियम दाखवला की आमचा वाद संपतो. परंतु त्या दिवशी घरी परतताना मनात काहीतरी टोचत राहिले. खेळाचे नाव बदलले एवढ्यापुरते ठीक होते. येथे तर नियमानेच आमच्या तोंडातला शब्द काढून घेतला होता.

पुढच्या रविवारी या विचाराला एक वेगळाच धागा मिळाला. आमच्या विभागातील काही तरुण मंडळी सकाळी मैदानावर लांबट चेंडू घेऊन एक खेळ खेळतात. आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो होतो. ते त्या खेळाला 'टच फुटबॉल' म्हणत होते. त्यांच्यातलाच एक जण मात्र 'टच रग्बी' म्हणा असा हट्ट धरून बसला होता. चहाच्या टपरीवर हा वाद इतका रंगला की आम्ही मुद्दाम या खेळाची माहिती काढली. ती वाचकांस सांगणे योग्य होईल, कारण तिच्या शेजारी ठेवून पाहिल्यावर आपल्या खेळाचे रूप अधिक स्पष्ट दिसते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या दक्षिण भागात १९६८ साली बॉब डाइक आणि रे वॉडन या दोघांनी हा खेळ रीतसर स्वरूपात सुरू केला. तेथील रग्बी हा धसमुसळेपणाचा खेळ. त्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडतात. हंगाम नसताना अंग मोडून न घेता सराव चालू ठेवावा म्हणून पाडण्याच्या जागी केवळ स्पर्श ठेवला, आणि बघता बघता सरावाचाच स्वतंत्र खेळ झाला. मैदान ७० मीटर लांब व ५० मीटर रुंद, आणि प्रत्येक बाजूस सहा गडी. चेंडू हातात घेऊन पळावयाचे, सोबत्याकडे द्यावयाचा तो मागे किंवा बाजूला, पुढे नव्हे. विरुद्ध पक्षाच्या गड्याने हाताने नुसता स्पर्श केला की पळणाऱ्याने जागीच थांबावे, चेंडू जमिनीवर ठेवून त्यावरून पाऊल टाकावे, आणि मागच्या सोबत्याने तो उचलून खेळ पुढे चालू करावा. असे सहा स्पर्श झाले की चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. खेळ सुरू करताना चेंडूला पायाची किंचित टोच लावतात, एवढाच काय तो पायाचा संबंध. तरी त्याचे नाव फुटबॉल!

या नावाची गंमत अशी की ऑस्ट्रेलियात त्याला टच फुटबॉल म्हणतात, इंग्लंडात टच रग्बी म्हणतात, आणि न्यूझीलंडमध्ये दोन्ही शेपट्या छाटून नुसते 'टच' म्हणतात. १९८५ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिनेही आपल्या नावात केवळ 'टच' एवढेच ठेवले. पहिली विश्वचषक स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातच गोल्ड कोस्ट येथे झाली. अमेरिकेत टच फुटबॉल म्हणून जो खेळतात तो आणखी निराळा. तो त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलपासून निघाला, आणि त्याचीच एक बहीण, कमरेची पट्टी ओढून घेण्याचा 'फ्लॅग फुटबॉल', हिला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आहे. म्हणजे एका नावाचे दोन खेळ, आणि एका खेळाची तीन नावे. तरी या सर्व लोकांना एक सोय आहे. नाव काहीही ठेवा, खेळताना ते उच्चारावे लागत नाही. सिडनीचा गडी लंडनला गेला तर पाटीवरचे नाव बदलेल, त्याच्या पळण्यात फरक पडणार नाही. आमच्यावर जी पाळी आली, ती त्याच्यावर कधी येणार नाही.

स्पर्शाच्या बाबतीत तर हे दोन खेळ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. तिकडे स्पर्शाने झगडा संपतो. आपल्याकडे स्पर्शाने तो सुरू होतो. चढाई करणारा एकटा सात जणांत शिरतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, त्यातील अर्धा भाग विरुद्ध पक्षाचा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. कोणाला शिवला नाही तरी निदान रेषा एकदा ओलांडल्याशिवाय त्याला परतता येत नाही. त्याने कोणाला स्पर्श केला की लगेच गुण मिळाला असे नाही. तो दमासकट मध्यरेषेपर्यंत पोहोचला तरच मिळाला. आणि तो पोहोचू नये म्हणून सातही जण त्याच्यावर तुटून पडतात. नियमकर्त्यांनी येथे एक फार सुंदर गोष्ट करून ठेवली आहे, तिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटरचा राखीव पट्टा असतो. स्पर्श होईपर्यंत तो पट्टा मैदानाबाहेर धरला जातो. तेथे पाऊल पडले की गडी बाद. परंतु स्पर्श झाला, झटापट लागली, की त्याच क्षणी तो पट्टा मैदानात येतो. म्हणजे एका स्पर्शाने मैदानाची रुंदी वाढते. आमच्या कार्यालयात 'अमुक आदेश निघाल्याच्या तारखेपासून अंमलात येईल' असे वाक्य आम्ही शेकडो वेळा लिहिले आहे, पण एवढ्या तात्काळ अंमलात येणारा आदेश दुसरा पाहिला नाही.

आता हा खेळ नियमांत बसण्यापूर्वी कसा होता, ते पाहू. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला ती पहिली चढाई, असे सांगणारे लोक भेटतात. आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. पण अभिमन्यू परत आला नाही, आणि त्याने दमही घेतला नव्हता, हे ते विसरतात. त्यापेक्षा आपल्या संतांची साक्ष अधिक भरवशाची. एकनाथ-तुकारामांच्या खेळांवरील रचनांत हमामा, हुंबरी, चेंडूफळी यांच्या जोडीला हुतुतू येतो, आणि तो रूपक म्हणून येतो. ज्या खेळावर रूपक रचता येते तो श्रोत्यांच्या अंगणात आधीच असला पाहिजे, हे उघड आहे. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकांत मराठी मुलुखात हे नाव घरोघरचे होते, एवढे निश्चयाने म्हणता येते.

मराठी मुलुखाबाहेर याच खेळाची दुसरी नावे होती. बंगालमध्ये हाडुडू, तमिळ आणि तेलुगू प्रदेशांत चेडुगुडु, उत्तरेत कबड्डी. ही नावे एकामागून एक मोठ्याने म्हणून पाहावीत. हुतुतू, हाडुडू, चेडुगुडु! यांतले एकही नाव खेळाचे वर्णन करीत नाही. ही नावे म्हणजे श्वास न तोडता जिभेवर घोळवता येतील असे ध्वनी होत. गड्याने आत शिरताना जो घोष केला, त्यावरूनच बघणाऱ्याने खेळाला नाव दिले असावे, असा आमचा तर्क आहे. इराणात 'झू' नावाचा असाच श्वासाचा खेळ आहे. तेथेही गडी 'झूऽऽ' करीतच आत शिरतो. म्हणजे या खेळात नाव आधी, नियम नंतर. किंबहुना नाव हाच पहिला नियम. श्वास चालू आहे की नाही हे दुसऱ्याला कळावे कसे? शब्द ऐकू आला तर.

बाकीचे नियम मात्र गावोगाव निराळे. किती गडी असावेत, मैदान केवढे, बाद झालेला परत केव्हा येतो, सामना संपला कधी म्हणावयाचा, हे सारे त्या त्या गावच्या समजुतीवर. त्यातून पुढे तीन मुख्य प्रकार मानले गेले. संजीवनीत विरुद्ध पक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो. एक पक्ष संपूर्ण बाद होईपर्यंत त्याला परत येणे नाही. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजतात. एका गावचा संजीवनी खेळणारा दुसऱ्या गावी गामिनी खेळावयास गेला तर काय गोंधळ होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. खेळातले जीवनमरणच दोन गावांत निरनिराळे होते.

हा गोंधळ आवरण्याचे काम मुख्यतः मराठी माणसांनी केले. हे अभिमानाने लिहीत असताना आम्हांस हेही ठाऊक आहे, की नियम करण्याची हौस हा आमच्या लोकांचा जुनाच आजार आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ ची. त्या काळी आखाडे, व्यायामशाळा आणि जिमखाने यांतून देशी खेळांना विलायती खेळांप्रमाणे मोजमापाची शिस्त लावावी, हा विचार जोर धरीत होता. हुतुतूचे नियम महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास आखले गेले आणि १९२३ साली छापून निघाले. त्याच वर्षी बडोद्यास या नियमांनी अखिल भारतीय सामने भरले. बडोद्याचे नाव येथे यावे हे आम्हां परप्रांतवासी मंडळींना विशेष आनंदाचे वाटेल. ते संस्थान गुजरातेतले, पण देशी व्यायामाची मोठी आस्था तेथील मराठी मंडळींना होती. आबासाहेब मुजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश'ही बडोद्याचाच. आपल्या खेळाला छापील नियम मिळाल्यावर त्याचा पहिला मोठा मेळावा मराठी मुलुखाबाहेर भरला, ही गोष्ट आम्ही डायरीत लिहून ठेवली आहे.

पुढे तिसाच्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांवर आणखी संस्कार केले. १९३६ मध्ये अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या लोकांसमोर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली; त्यांत हाही खेळ होता. दोन वर्षांनी, १९३८ साली, कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत त्याला प्रवेश मिळाला. आता विचार करा. कलकत्ता म्हणजे हाडुडूचे गाव. तेथे जमलेल्या गड्यांत कोणी हुतुतू म्हणणारा, कोणी चेडुगुडु म्हणणारा, कोणी कबड्डी म्हणणारा. दमाचा शब्द ठरल्याशिवाय पंचाने ऐकावे काय? एकाच सामन्यात एका बाजूने एक घोष आणि दुसऱ्या बाजूने दुसरा, हे गावच्या जत्रेत चालते. गुणपत्रक भरावयाचे असेल तेथे चालत नाही.

१९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली ती 'कबड्डी' हे नाव घेऊन. १९५२ साली मद्रासला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. येथे एक गोष्ट आमच्या मनाला फार लागते. संघटनेने जी नियमावली पुढे देशभर चालवली, तिचा गाभा महाराष्ट्रात घडलेल्या संजीवनी पद्धतीचा. म्हणजे घर आपल्या लोकांनी बांधले आणि दारावरची पाटी उत्तरेकडची लागली. मराठी मनाला हे सहज सोसण्यासारखे नाही. भाषावार प्रांतरचनेच्या त्या दशकात, एकेका गावाच्या नावावरून मोर्चे निघत असताना, शेकडो वर्षांचे 'हुतुतू' हे नाव मराठी क्रीडाकार्यकर्त्यांनी स्वतःच्या राज्यातही बाजूला ठेवले. संघटना कबड्डीची, शाळांतील स्पर्धा कबड्डीच्या, आणि या खेळासाठी आयुष्य वेचणाऱ्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात 'कबड्डी दिन' म्हणून पाळतात. त्या दिवसाला हुतुतू दिन म्हणावे असे कोणी सुचवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही याला पराभव म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही, पण ते का वाटत नाही हे सांगण्यापूर्वी त्या सामन्याच्या दिवशी घडलेले संभाषण सांगितले पाहिजे. आम्ही मैदानाबाहेर येऊन हुतुतूच्या अन्यायाबद्दल कुरकुरत असता आमच्या पक्षातले एक तमिळभाषी सहकारी, जे वेल्लूरकडचे आहेत आणि वयाने आमच्याहून मोठे आहेत, ते घाम पुसत म्हणाले, "अहो, आमच्या गावी आम्ही चेडुगुडु म्हणत होतो. तो शब्द तुमच्याही शब्दापेक्षा लांब. त्याचा दम घेताना छाती फुटे. मी तो कधीच सोडला." मग थोडे थांबून, डोळे मिचकावून ते म्हणाले, "आणि कबड्डी तरी उत्तरेचा शब्द कशावरून? आमच्याकडे 'कै' म्हणजे हात आणि 'पिडि' म्हणजे धर. कै-पिडि, कबड्डी!" ही व्युत्पत्ती तमिळ मंडळी आवडीने सांगतात. भाषाशास्त्री तिला किती गुण देतील ही शंका आहेच, पण आम्ही वाद घातला नाही. ज्याने आपला शब्द सोडला आहे त्याने घेतलेल्या शब्दावर थोडा हक्क सांगितला तर त्यात बिघडले काय?

आणि सोडणारे आम्ही दोघेच नव्हतो. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये तेथील हाडुडूला कबड्डी हे नाव देऊन राष्ट्रीय खेळाचा मान दिला गेला. ज्या देशाचा जन्मच मातृभाषेच्या लढ्यातून झाला, त्याने आपल्या राष्ट्रीय खेळाला मातृभाषेतले जुने नाव न ठेवता शेजारच्यांना समजेल ते नाव ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे. १९७४ साली भारताचा संघ तेथे खेळावयास गेला. १९८० मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत प्रात्यक्षिक झाले, आणि १९९० मध्ये बीजिंग येथे हा खेळ पदकाचा झाला. २०१० पासून त्यात महिलाही आल्या. २०१८ साली जकार्ता येथे इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला हरवले, आणि इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताच्या महिलांना. 'झू' म्हणणाऱ्यांच्या नातवंडांनी 'कबड्डी' म्हणत आपले सुवर्ण नेले. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात सुतकी वातावरण होते. पुढे हांगझौला २०२३ मध्ये झालेल्या सामन्यांत दोन्ही सुवर्णपदके परत आली खरी. परंतु आम्हांस त्या पराभवातच अधिक अर्थ दिसतो. एक शब्द ठरला नसता तर इराणचा गडी आपल्या मैदानात शिरलाच नसता.

एक प्रदेश मात्र आपल्या हट्टाने वेगळा राहिला. पंजाबात गोल मैदानावरची कबड्डी आजही जोरात आहे. तिचे नियम निराळे, तिची बक्षिसे आणि तिचे प्रेक्षक निराळे. तिचे नावही कबड्डीच. टच फुटबॉलसारखेच येथेही एका नावाचे दोन खेळ झाले आहेत. ते असो.

आपले सारेच शब्द गेले असे मात्र नाही. एक पक्ष संपूर्ण बाद झाला की विरुद्ध पक्षास दोन जादा गुण मिळतात. त्यांना आंतरराष्ट्रीय नियमावलीत इंग्रजी मजकुराच्या मधोमध 'लोना' म्हटले आहे. हे आपले लोण. आट्यापाट्यांच्या खेळात साऱ्या पाट्या भेदून पलीकडे जाऊन परत येणाऱ्याने लोण आणले, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोहोचले, असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. तो वाक्प्रचार याच मैदानातून उठून गेला असावा. म्हणजे दारावरची पाटी बदलली, पण घरातले एक भांडे आपल्या नावाचे राहिले, आणि ते जगभर फिरले. बंगाली, इराणी, कोरियन पंच लोण देतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना तो शब्द कोठला हे ठाऊकही नसते. आम्हांस हे नियमावली चाळताना समजले, तेव्हा झालेला आनंद बढतीच्या आदेशाच्या खालोखाल होता.

तो आनंद फार टिकला नाही. २०१४ पासून प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले. येथील कंठीरव स्टेडियमच्या बंदिस्त सभागृहात बेंगळुरू बुल्सचा सामना बघणे हा एक अनुभव आहे. आम्ही तिकीट काढून गेलो होतो. दिव्यांचा लखलखाट, ढोल, कन्नड घोषणा. पवन सेहरावतने ५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण मिळवून बुल्सला अजिंक्यपद कसे मिळवून दिले, हे शेजारची कन्नड मुले आम्हांस अजून तोंडपाठ सांगत होती. पुण्याच्या संघाने २०२४ मध्ये अजिंक्यपद मिळवले तेव्हा त्याचे प्रशिक्षक कर्नाटकाचे बी. सी. रमेश होते, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यावर आमची त्यांची मैत्री झाली. खेळ उत्तम झाला. पण दोन गोष्टी खटकल्या. चढाईस आता तीस सेकंदांची मर्यादा आहे आणि डोक्यावर घड्याळ पळत असते. गड्याच्या ओठांची हालचाल दिसते, शब्द मात्र कोलाहलात बुडतो. ज्या शब्दासाठी आम्ही सर्वांनी आपापले शब्द सोडले, तो शब्द तेथे ऐकूच येत नव्हता. दुसरी गोष्ट अशी, की एक पक्ष संपूर्ण बाद झाला तेव्हा फलकावर मोठ्या अक्षरांत झळकले ते 'ऑल आऊट'. लोणाचे तेथे नावही नव्हते.

हे सामने भरवणाऱ्यांना परक्या प्रेक्षकाला चटकन समजेल असा शब्द हवा होता, हे आम्हांस कळते. हुतुतू सोडताना आपल्या वडीलधाऱ्यांनीही हेच म्हटले असणार. मग त्या वेळचा त्याग आम्हांस समजतो आणि हा का बोचतो? आम्ही यावर बरेच दिवस विचार केला आहे. हुतुतू ज्यांनी सोडला ते एकत्र बसले होते, त्यांच्या समोर हाडुडूवाले आणि चेडुगुडुवाले होते, आणि प्रत्येकाने काही ना काही खाली ठेवले. लोण कोणी कोणासमोर खाली ठेवले? ते फलकावरून नुसते पुसले गेले. टिपणीवर कोणाचीही सही नसताना फाईल बंद झाल्यासारखे आम्हांस वाटले.

आमचा विभाग त्या सामन्यांत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. शेवटच्या सामन्यात आम्ही एकच चढाई केली, 'कबड्डी' म्हणतच केली, आणि कोणालाही न शिवता निदान रेषा ओलांडून परत आलो. वेल्लूरच्या सहकाऱ्यांचा घोटा दुखावल्यामुळे ते बाहेर बसून गुणपत्रक लिहीत होते. विरुद्ध पक्षाने आमचे सातही गडी बाद केले तेव्हा त्यांनी रकान्यात दोन गुण मांडले, आणि आमच्याकडे बघून विचारले, "तुमचा तो शब्द लिहायचा कसा?" आम्ही त्यांच्या हातातील पेन घेतले आणि इंग्रजी आकड्यांच्या शेजारी देवनागरीत 'लोण' लिहिले. पंचांनी सामन्यानंतर ते पत्रक तपासले, क्षणभर त्या शब्दावर बोट ठेवले, आणि खाली सही केली.